पैनगंगेच्या काठावरून पाहिलेली दोन विलीनीकरणे



परवा पांढरकवड्याच्या बाजारात एका ओळखीच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला हाताला धरून थांबवले. बंडीच्या खिशातून त्याने आपला बटणांचा साधा फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. म्हणाला, "मास्तर, हे पाहा न जी. पहिले याच्यावर आयडिया येत होतं. मंग व्होडाफोन आयडिया आलं. आता नुसतंच व्हीआय. म्या तर शिम बदललं नाही. मंग हे कंपनी कायले बदलून राहिली?"

माणूस तोच, नंबर तोच, गावही तेच. मी इतिहास शिकवतो, म्हणून त्याला म्हणालो, "बाबा, तुमचे आजोबा जन्मले तेव्हा आपला हा यवतमाळ जिल्हाही वणी जिल्हा म्हणवत होता. १९०५ पर्यंत तेच नाव होते. आजोबा कुठे हलले होते?" म्हातारा हसला, पण त्याचे समाधान काही झाले नाही. वास्तविक, होऊही नये. पाटीवरचे नाव बदलते तेव्हा पाटीमागे पुष्कळ काही बदललेले असते, आणि त्याचा हिशेब शेवटी बाजारातल्या याच माणसाच्या खिशात येऊन पडतो. त्या हिशेबाविषयी आज बोलायचे आहे.

विलीनीकरण हा शब्द आमच्या भागाला नवा नाही. पांढरकवड्याहून हैदराबादच्या रस्त्याने निघालात की पाटणबोरी लागते, आणि पुढे पैनगंगा. नदीपलीकडचा आदिलाबाद जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. ते संस्थान भारतात विलीन झाले, हे आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांनी याचि डोळा पाहिले. कंपन्यांचे विलीनीकरण त्या मानाने फारच गद्य. दोन दुकानदार भागीदारीत येतात आणि आपापल्या खातेवह्या एकत्र बांधतात, इतकाच त्याचा अर्थ. पण खातेवहीला दोन बाजू असतात, जमा आणि नावे. कोणत्या बाजूच्या ओढीने वह्या एकत्र बांधल्या गेल्या, हे ज्याने पाहिले त्याला पुढचे बरेचसे आधीच कळते. आमच्या या सीमेवर मोबाईल कंपन्यांची दोन मोठी विलीनीकरणे झाली, आणि ती दोन्ही याच दृष्टीने पाहण्यासारखी आहेत.

आधी थोडे मागचे सांगतो. मुंबईत १८८२ साली टेलिफोनचे पहिले एक्स्चेंज निघाले ते खाजगी कंपनीचे. १९४३ साली सरकारने मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील टेलिफोन कंपन्या विकत घेतल्या. तिथून पुढे पन्नासएक वर्षे टेलिफोन म्हणजे सरकारी खाते असेच समीकरण होते. माझ्या लहानपणी तर टेलिफोन म्हणजे एसटीडीची पिवळी पाटी आणि काचेची खोली. रात्री उशिरा दर उतरत, म्हणून माणसे जेवणे उरकून तिथे रांगेत उभी राहत. समोरच्या डब्यावर लाल आकडे पळू लागले की बोलणाऱ्याची जीभ अडखळे.

१९९४-९५ साली सरकारने मोबाईलचे क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुले केले. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल फोन केला. तेव्हा बोलण्याचा दर मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत होता, आणि आलेल्या फोनचेही पैसे लागत. आपल्याला कोणी हाक मारली तर ओ देण्याचा कर आपणच भरायचा, असा तो मामला!

परवाने देण्यासाठी देशाची वाटणी करण्यात आली. या तुकड्यांना सर्कल, म्हणजे मंडळ म्हणतात. मुंबई शहर वेगळे काढले. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक मंडळ झाले, आणि आंध्र प्रदेशाचे दुसरे. २०१४ साली तेलंगण राज्य झाले, पण परवान्यांच्या नकाशावर आंध्र मंडळ एकसंधच राहिले. शिक्षक बंधूंनी हा नकाशा वर्गात जरूर काढून दाखवावा. राज्यांचा नकाशा वेगळा आणि टेलिफोनचा वेगळा, हे पाहून मुलांना नवल वाटते.

सुरुवातीला प्रत्येक मंडळात दोन-दोनच परवाने होते. महाराष्ट्र मंडळात एक परवाना बिर्ला यांच्या कंपनीला मिळाला, दुसरा बीपीएलला. बिर्लांनी अमेरिकेच्या एटी अँड टी कंपनीची भागीदारी घेतली आणि १९९७ साली महाराष्ट्र व गुजरात या मंडळांत सेवा सुरू केली. पैनगंगेच्या पलीकडे, आंध्र मंडळात, टाटा सेल्युलर होती. म्हणजे नदीच्या एका काठावर बिर्ला आणि दुसऱ्या काठावर टाटा, अशी ही सीमा आखली गेली. अर्थात नदीला त्याचा पत्ता नव्हता, आणि खरे सांगायचे तर त्या वेळी आम्हालाही नव्हता. आमच्याकडे मोबाईल यायला पुढे काही वर्षे लागली.

परवान्यांच्या लिलावात कंपन्यांनी भरमसाट बोली लावल्या होत्या. गिऱ्हाईक थोडे, दर आकाशाला भिडलेले, आणि दरवर्षी सरकारला ठरलेली मोठी रक्कम द्यायची. कंपन्या धापा टाकू लागल्या. तेव्हा १९९९ च्या नव्या धोरणात सरकारने मक्त्याची पद्धत सोडून बटाईची पद्धत आणली. म्हणजे ठरीव रक्कम नको, उत्पन्नातला वाटा द्या. शेतकऱ्यांना हा फरक समजावून सांगायला नको. आणि बटाईत भांडण कशावरून होते हेही त्यांना ठाऊक आहे: उत्पन्न कशाला म्हणायचे? कापूस तेवढाच धरायचा की पऱ्हाटीही? हे भांडण इथेही झाले, वीस वर्षे चालले, आणि त्याने शेवटी मोठमोठ्या कंपन्यांचे कंबरडे मोडले. त्याकडे पुढे येतो.

पहिले विलीनीकरण २००० साली झाले. बिर्ला-एटी अँड टी आणि टाटा सेल्युलर एकत्र आल्या. २००१ साली नव्या कंपनीचे नाव बिर्ला टाटा एटी अँड टी असे झाले. आद्याक्षरे जुळवून लोक तिला गमतीने 'बटाटा' म्हणत. २००२ साली बटाट्याची आयडिया झाली, आणि तेच नाव पुढे खेड्यापाड्यांतल्या भिंतींवर रंगवले गेले. या विलीनीकरणाने पैनगंगेचे दोन्ही काठ प्रथमच एका कंपनीखाली आले. २००१ सालीच मध्य प्रदेश मंडळही तिला मिळाले. एका मुलखाला दुसरा मुलूख जोडायचा, ही या एकत्र येण्यामागची ओढ होती. ती जमेच्या बाजूची होती.

सामान्य माणसाला याचा लाभ लगेच झाला का? नाही. कंपनी एक झाली तरी परवाने मंडळागणिक वेगळेच राहिले, आणि त्यामुळे बिलावरची सीमाही राहिली. मला चांगले आठवते. पाटणबोरीच्या पुढे एका लग्नाला गेलो होतो. मांडव महाराष्ट्रात, भटजी महाराष्ट्रातले, वरण-भातही आपलाच. पण माझ्या फोनने नदीपलीकडचा टॉवर पकडला आणि मी परमुलखात गेल्याचे ठरवून टाकले. घरून तीनदा फोन आला, आणि तिन्ही वेळा, फोन आला म्हणून, माझ्याच खात्यातून पैसे कापले गेले. त्या भागातली माणसे म्हणूनच फोन घरात ठेवताना भिंतीची बाजू पाहून ठेवत. दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवला की तो आंध्रात जातो, असा अनुभव.

पुढची दहा वर्षे मात्र दरांच्या उताराची. २००३ च्या मे महिन्यापासून आलेल्या फोनचे पैसे लागणे बंद झाले. २००६ साली सरकारी बीएसएनएलने देशभर कुठेही मिनिटाला एक रुपया हा दर आणला. नदीपलीकडे दिलेल्या मुलीशी बोलणे मग गावातल्या गावात बोलण्याइतके सोपे झाले. २०११ च्या जानेवारीत नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली. माझ्या मते या सगळ्या काळातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. तोवर नंबर कंपनीचा होता. त्या दिवसापासून तो माणसाचा झाला. आयडिया, व्होडाफोन, एअरटेल, बीएसएनएल, रिलायन्स, टाटा, एअरसेल, युनिनॉर अशी नावे तेव्हा एकेका पानटपरीवर शेजारी शेजारी लोंबत होती.

या काळात दुसरी वहीही भरत होती. मुंबईतल्या जुन्या हचिसन मॅक्स कंपनीचा व्याप वाढत गेला, महाराष्ट्र मंडळातला बीपीएलचा धंदा तिने आपल्यात घेतला, आणि २००७ साली विलायतेच्या व्होडाफोनने त्या सगळ्याचा मोठा हिस्सा विकत घेतला. म्हणजे १९९५ साली महाराष्ट्र मंडळात जे दोन परवाने दिले गेले, त्यांपैकी एकाची आयडिया झाली आणि दुसऱ्याची व्होडाफोन. गावातल्या दोन जुन्या घराण्यांसारखे हे दोन प्रतिस्पर्धी. यांची सोयरीक होईल असे तेव्हा कोणी म्हटले असते, तर ऐकणाऱ्याने वेड्यात काढले असते.

ती सोयरीक घडवून आणली तिसऱ्यानेच. ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओने सेवा सुरू केली. बोलणे फुकट आणि मार्च २०१७ अखेरपर्यंत इंटरनेटही फुकट. पहिल्या सहा महिन्यांच्या आतच दहा कोटी गिऱ्हाईक झाले. समोरचा दुकानदार फुकट वाटू लागला, तर उधारीवर माल भरलेल्याने काय करावे? कारण बाकीच्या कंपन्यांनी लहरींच्या लिलावासाठी, ज्याला स्पेक्ट्रम म्हणतात त्यासाठी, डोईजड कर्जे काढली होती. लहान होते ते आधी गेले. एअरसेलने जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्रासह सहा मंडळांतले दुकान आवरले. टेलिनॉर, म्हणजे पूर्वीची युनिनॉर, २०१८ साली एअरटेलमध्ये विलीन झाली, आणि टाटांचा मोबाईल धंदाही २०१९ साली तिकडेच गेला.

व्होडाफोन आणि आयडिया यांनी २० मार्च २०१७ रोजी एकत्र येण्याचा मनोदय जाहीर केला आणि ३१ ऑगस्ट २०१८ रोजी तो पार पडला. मध्ये दीड वर्ष परवानग्यांत गेले. नियमाप्रमाणे एकत्र आलेल्या कंपनीचा कोणत्याही मंडळातला वाटा निम्म्याच्या वर जाता कामा नये. ही दोन घराणी काही मंडळांत इतकी मोठी होती की तो प्रश्न उभा राहिला. परवानगीआधी सरकारने जुन्या बाकीपोटी रोख आणि बँकेची हमी मिळून सात हजार कोटींहून अधिक रुपये मागितले, आणि कंपन्यांनी ते दिले. नव्या कंपनीत व्होडाफोनचा हिस्सा ४५.१ टक्के आणि आदित्य बिर्ला समूहाचा २६ टक्के. गिऱ्हाईक ४० कोटी ८० लाख. देशात पहिला क्रमांक! पण त्याच दिवशी कागदावर दुसराही आकडा होता. तो कर्जाचा: निव्वळ कर्ज सुमारे १ लाख ९ हजार कोटी रुपये.

या वह्या नावेच्या बाजूच्या ओढीने एकत्र बांधल्या गेल्या होत्या. दोन थकलेले बैल एका जुवाखाली आले म्हणून ओझे हलके होत नाही. खर्च वाचेल हा हिशेब होता, वर्षाला चौदा हजार कोटींचा. आणि तो पूर्णपणे चुकीचाही नव्हता. एका टॉवरवर दोघांची यंत्रे होती तिथे एकाचे पुरे झाले, आणि दोघांच्या लहरी एकत्र आल्याने काही ठिकाणी आवाज स्वच्छही झाला. पण टॉवर कुठे ठेवायचा आणि कुठला काढायचा हे गिऱ्हाइकाच्या दाटीवर ठरते. आमच्याकडे महामार्गाच्या दोन्ही अंगांना रेंज भरपूर. तिथून टिपेश्वरच्या जंगलाकडे वळलात, एखाद्या कोलाम पोडावर गेलात, की फोनवरच्या काड्या एकेक करून उतरू लागतात. पूर्वी तिथे निदान दोन कंपन्यांपैकी एक लागेल अशी आशा असे. दोहोंची एक झाल्यावर ती आशाही एकच उरली.

आता बटाईचे ते जुने भांडण. सरकारचे म्हणणे असे होते की उत्पन्न म्हणजे केवळ फोनचे पैसे नव्हेत. व्याज, भाडे, लाभांश, भंगार विकून आलेली रक्कम हे सारे धरून वाटा दिला पाहिजे. कंपन्या म्हणत, फोनचे तेवढे धरा. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. व्होडाफोन आयडियाच्या वाट्याला दूरसंचार खात्याच्या हिशेबाने ५८ हजार कोटींहून अधिक बाकी आली. त्या तिमाहीत कंपनीने जाहीर केलेला तोटा जवळजवळ ५१ हजार कोटींचा होता. एवढा तोटा भारतातल्या कोणत्याही कंपनीने तोवर एका तिमाहीत दाखवला नव्हता. गंमत अशी की आदल्याच दिवशी, २३ ऑक्टोबरला, मंत्रिमंडळाने बीएसएनएल आणि मुंबई-दिल्लीची एमटीएनएल यांच्या विलीनीकरणाला तत्त्वतः मान्यता दिली होती. ते विलीनीकरण कर्जामुळेच लांबणीवर पडले. पण स्वेच्छानिवृत्ती घेऊन ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी बीएसएनएलचे सुमारे ७८ हजार ५०० कर्मचारी घरी गेले. तारेवरची वेल ओढून काढणारा, खांबावर चढणारा तालुक्याचा लाइनमन पुष्कळ ठिकाणी त्यांच्याबरोबरच गेला.

बाजारातल्या म्हाताऱ्याला या सगळ्याचे काय? त्याला कळले ते रिचार्जवरून. एकदा पैसे भरले की फोन येत राहायचे, ही जुनी सोय २०१८ च्या अखेरीस संपली. दर अठ्ठावीस दिवसांनी निदान पस्तीस रुपये भरा, नाहीतर येणारा फोनही बंद. २०२१ च्या अखेरीस व्हीआयच्या बाबतीत हा पस्तीसाचा आकडा नव्याण्णव झाला. हे एकट्या विलीनीकरणामुळे झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. एअरटेलनेही तेच केले. डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१ आणि जुलै २०२४ या तिन्ही दरवाढींत तिन्ही खाजगी कंपन्या पाठोपाठ उतरल्या. पण पानटपरीवर आठ नावे लोंबत असती तर एकाने तरी दर खाली ठेवून गिऱ्हाईक ओढले असते. चारच उरली, आणि त्यांतले एक सरकारी. अठ्ठावीस दिवसांचा महिना धरला की वर्षाचे तेरा महिने होतात, हे आमच्याकडच्या बायकांनी अर्थशास्त्रज्ञांच्या आधी ओळखले. पगारदाराला हे जाणवत नाही. ज्याच्या हातात पैसा कापूस विकल्यावर वर्षातून एकदा येतो, त्याला तेराव्या महिन्याची ठेच लागते. विहिरीवरच्या मोटरीला मोबाईल स्टार्टर असला तर त्यातही सिम असते. रात्री दोनला वीज आली की घरबसल्या मोटर सुरू करता यावी म्हणून ते बसवलेले. रिचार्ज संपला की मोटर मुकी, आणि कंदील घेऊन पुन्हा बांधावरून चालत जाणे आले. आणि शेतकऱ्याची बँक, आधार, अनुदान ही सगळी आता त्या एका नंबरावर येणाऱ्या सहा आकड्यांवर अडकलेली आहेत.

कंपनीचे पुढे काय झाले ते सांगतो, कारण आमच्या वऱ्हाडच्या माणसाला त्यात ओळखीचे काही दिसेल. हैदराबादच्या निजामाकडे कंटिंजंट फौजेच्या खर्चाची बाकी थकली होती. मे १८५३ च्या तहाने त्या बाकीपोटी वऱ्हाड प्रांत, आमच्या वणी-यवतमाळसह, ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली गेला. धनकोने बाकीच्या बदल्यात मुलूख घेतला. २०२३ च्या फेब्रुवारीत व्होडाफोन आयडियाने सरकारचे १६ हजार १३३ कोटी रुपये रोख देण्याऐवजी शेअरच्या रूपाने दिले, आणि सुमारे ३३ टक्क्यांचा वाटा सरकारकडे आला. एप्रिल २०२५ मध्ये आणखी ३६ हजार ९५० कोटींचे तसेच झाले आणि वाटा ४८.९९ टक्क्यांवर गेला. १८५३ साली कंपनी धनको होती, या वेळी कंपनी ऋणको आणि सरकार धनको. एवढा उलटा फेर सोडला, तर व्यवहार जुनाच. दरम्यान ४० कोटी ८० लाख गिऱ्हाईक २०२५ च्या मध्यास वीस कोटींच्या आसपास आले. दुसऱ्यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये फाइव्ह-जी सेवा सुरू केली. हिने ती मुंबईत सुरू करायला मार्च २०२५ उजाडले. नफ्यातून यंत्रे घ्यायची ती रक्कम बाकीत गेली, म्हणून गिऱ्हाईक गेले. गिऱ्हाईक गेले म्हणून नफा गेला.

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. २०१७ साली कंपन्यांनी देशांतर्गत रोमिंगचे पैसे काढून टाकले. जी सीमा २००० सालच्या विलीनीकरणाने पुसली नाही, ती स्पर्धेच्या धाकाने पुसली गेली. फोन आता दक्षिणेच्या खिडकीत ठेवला तरी चालतो.

बाजारातल्या त्या म्हाताऱ्याला मी सांगून पाहिले, "बाबा, नंबर तोच ठेवून दुसरी कंपनी घेता येते. कायले या फजितीत राहता?" त्याने मान हलवली. म्हणाला, "माह्या वावरात हेच लागते जी, दुसरं लागूनच नाही राहिलं. अन् पोरगी आदिलाबादले हाय. तिच्या घरच्या भिंतीवर हाच नंबर लिहेल हाय, कोळशानं." मग त्याने फोन माझ्या हाती दिला. त्यावर इंग्रजीत आलेला मजकूर मी वाचून दाखवला: मुदत उद्या संपते. त्याने दुपट्ट्याची गाठ सोडली, नोटा दोनदा मोजल्या आणि कापड दुकानाशेजारच्या रिचार्जवाल्याकडे गेला.